गावात नेट आहे, पण आपल्या दारात आहे का?

"काका, नोकरी सोडू का?" असा प्रश्न आमच्या पुतणीने मला २०२४ च्या फेब्रुवारीत विचारला, तेव्हा मला तात्काळ उत्तर देता आले नाही.

माझे थोरले बंधू महापालिकेच्या कामावरून निवृत्त होऊन वहिनींसह रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी राहावयास गेले होते. जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वहिनींचे गुडघे दुखणारे, त्यांना एकटीने नवऱ्याला उठविणे-बसविणे होईना. मुंबईत दहा बाय पंधराच्या खोलीत त्यांना आणावे तर तेथे आधीच पाच माणसे. पुतणी एका कंपनीत विम्याचे कागद तपासण्याचे काम करते. २०२० च्या टाळेबंदीपासून तिचे काम घरूनच चालते. स्वयंपाकाचा ओटा पुसून त्यावर ती लॅपटॉप मांडते. पगार एकोणीस हजार. तिच्या पगारावर धाकट्या भावाच्या शिक्षणाचे कर्ज फिटते आहे. म्हणजे नोकरी सोडली तर घर बसणार आणि गावी न गेले तर बाप झुरणार.

मी तिला म्हणालो, "घरूनच करायचे ना काम? मग घर मुंबईत काय नि गावात काय?"

बोलायला हे सोपे होते. पुढचे आठ-नऊ महिने आम्ही दोघांनी ज्या खटपटी केल्या त्या येथे मुद्दाम लिहीत आहे. आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली आता अशी कामे करतात. कोणी हिशेब लिहितो, कोणी जीएसटीची विवरणपत्रे भरतो, कोणी दिवसभर कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकतो. त्यांतील कितीतरी जणांच्या घरी गावाकडे म्हातारी माणसे आहेत.

कंपनीने अट घातली ती अशी. नेट मोबाईलवरचे चालणार नाही, तारेचे पाहिजे. येणारा वेग किमान २० एमबीपीएस, जाणारा १० एमबीपीएस. वीज गेली तरी दोन तास काम चालले पाहिजे. तीन दिवस कामाच्या वेळात मोजणी करून तिचे फोटो पाठवायचे, मग परवानगी.

येणारा आणि जाणारा असे वेग दोन असतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. आपण सिनेमा पाहतो तेव्हा येणारा वेग लागतो. आपण कागद पाठवितो, व्हिडिओवर आपला चेहरा साहेबाला दिसतो, तेव्हा जाणारा लागतो. मोबाईलवर हा जाणारा वेग पुष्कळ वेळा अगदी तोकडा असतो आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. आणखी एक गोष्ट बी.कॉम. माणसाच्या नजरेतून सांगतो. एमबीपीएसमधला 'बी' हा बिटाचा. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबीचीच फाईल. पैसे मोजताना हा आठाचा भागाकार विसरू नये.

'ब्रॉडबँड आहे' या शब्दावरही विसंबू नये. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ते ५१२ केबीपीएस झाले आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. म्हणजे दोनाचा वेग देणारा दुकानदारही 'ब्रॉडबँड देतो' असे म्हणतो तेव्हा खोटे बोलत नाही. आणि आमच्या मुलीला हवे होते वीस! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार.

रेंज फुल्ल!

गावी फोन केला. चुलतभाऊ म्हणाला, "अरे पाठव बिनधास्त. रेंज फुल्ल आहे. चार दांड्या येतात."

मे महिन्यात बुद्ध जयंतीला आम्ही गेलो. पुतणीने फोनवर ट्रायचे वेग मोजण्याचे ॲप घातले होते. पहाटे सहाला २२ एमबीपीएस आले. मला वाटले काम फत्ते. सकाळी अकराला ३. रात्री नऊला एकाहूनही कमी, आणि जाणारा वेग तर मोजणीत थरथरतच राहिला. दांड्या मात्र चारच्या चार. कारण दांडी सांगते ती टॉवरचा आवाज किती जोरात ऐकू येतो ते. त्या टॉवरवर एका वेळी किती माणसे बोलतात हे ती सांगत नाही. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी, प्रत्येकाच्या हातात फोन. एका नळावर अख्खी चाळ पाणी भरते तसेच हे. म्हणून मोजणी करावी ती कामाच्या वेळात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि ज्या खोलीत बसायचे त्याच खोलीत. अंगणातली रेंज चिरेबंदी भिंतीच्या आत येत नाही. २०२० मध्ये सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने डोंगरावर खोपटे बांधून तेथे अभ्यास केला, तिचे सगळीकडे कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. पण आजारी बापाला घरात ठेवून रोज नऊ तास डोंगरावर बसता येत नाही.

मोबाईलच्या टॉवरवरूनच घरासाठी वेगळे नेट देणारी सोय २०२३ पासून एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांनी काढली आहे. छपरावर एक डबा लावतात, तो ५जी टॉवरकडून नेट घेतो. सपाट मुलखात, टॉवर जवळ असेल तर हा बरा पर्याय आहे. आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. माणूस येऊन छपरावर चढला, फोन चारी दिशांना फिरविला आणि "इथं नाय होणार" म्हणून खाली उतरला. स्पष्ट बोलला याबद्दल मी त्याला चहा पाजला.

कपाटापर्यंत आलेली तार

मग राहिली तार. येथे थोडी सरकारी माहिती सांगणे आवश्यक आहे.

खेड्यात काचेच्या तंतूची म्हणजे फायबरची तार नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाखावर ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. आज 'सेवा-सज्ज' असा शेरा दोन लाखांवर ग्रामपंचायतींपुढे आहे. आमच्या गावापुढेही आहे. मी कचेरीत बसणारा माणूस आहे, 'सज्ज' या शब्दाची किंमत मला कळते.

योजना ग्रामपंचायतीपर्यंतची आहे, ही मेख आहे. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आणि गावे त्याहून कितीतरी अधिक. दोन-तीन गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असेल, तर तार जाते कचेरी असलेल्या गावात. आणि त्या गावातही ती जाते कचेरीतील कपाटापर्यंत. तेथून पुढे घरोघर नेणे हे बीएसएनएलबरोबर भागीदारी करणाऱ्या स्थानिक केबलवाल्याचे किंवा एखाद्या खाजगी कंपनीचे काम.

आमच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सज्जन निघाले. त्यांनी कपाट उघडून दाखविले. हिरवे दिवे लुकलुकत होते. कचेरीचा संगणक सुरेख चालत होता. बाजारपेठेतील पंधरा-वीस घरांत, सोसायटीत, दवाखान्यात तार गेली होती. पुतणीने तेथेच मोजणी केली. येणारा ९४, जाणारा ९०. तिचे डोळे चमकले. मी विचारले, "आमच्या वाडीत?"

ग्रामसेवक म्हणाले, "वाडी दीड किलोमीटर पडते ना साहेब. मध्ये पऱ्या आहे."

दीड किलोमीटर. वाचकहो, हे दीड किलोमीटर कोणी मोजून ठेवले, हे आपणांस सांगायला नको. पाण्याचा नळ, डांबरी सडक, विजेचा खांब, प्रत्येक गोष्ट आधी देवळाभोवती पोहोचली आणि मग पऱ्या ओलांडून आमच्याकडे यावयास वर्षे लागली. तारेचे तेच झाले. यात केबलवाल्याचा द्वेष आहे असे मी म्हणणार नाही. त्याला जेथे घरे दाट तेथे धंदा. पण घरे कुठे दाट आणि कुठे विखुरलेली हे फार पूर्वी ठरलेले आहे.

म्हणून 'अमुक गावात वेगवान नेट आहे' असे कोणी सांगितले तर लगेच विचारावे, कोणत्या आळीत? जाहीर झालेल्या नावावर जाऊ नये. मेळघाटातील हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने राज्यातील पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले, आणि २०१९ च्या निवडणुकीत तेथल्या सोयी चालू आहेत की बंद यावरून जाहीर सभांत वाद रंगला. तामिळनाडूतील तेनकाशी जिल्ह्यात झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने खेड्यात कार्यालय थाटले आणि तिचे संस्थापक श्रीधर वेंबू २०१९ पासून तिकडेच राहू लागले. पण तेथे मालकच लाईन घेऊन गावात आला. आपल्याकडे ती खटपट नोकराला करावी लागते.

पत्त्याचीही एक गंमत झाली. कंपनीच्या यादीत आमच्या वाडीचे नावच सापडेना. डिसेंबर २०२० च्या सरकारी निर्णयानंतर जातीवाचक वस्त्यांची नावे बदलली. ते उत्तमच झाले. पण आमची वाडी सातबारावर एका नावाने, विजेच्या बिलावर दुसऱ्या आणि ग्रामपंचायतीत तिसऱ्याच नावाने आहे. तेव्हा अर्ज करताना जुने-नवे दोन्ही नावे आणि जवळच्या शाळेची खूण लिहावी.

खोली मिळते, पण

या धावपळीत दुसरा मार्गही आम्ही पाहिला. तालुक्यापासून चार किलोमीटरवर एक गाव आहे, तेथे घरोघर तार पोहोचली आहे. तेथे खोली घेऊन दादा-वहिनींना आणावे, असा बेत. भाडे दोन हजार. घरमालकाचा मुलगा भला, त्याने मोजणीही करू दिली. सगळे ठरले. निघताना म्हातारे मालक ओसरीवर आले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी फोन आला, "पाहुणे येणार आहेत, खोली द्यायची नाही."

पुतणी गाडीत काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गुणगानाचा जो समाचार घेतला होता, तो मला एसटीच्या खिडकीशी बसून आठवत होता. आमचे वडील गाव सोडून मुंबईला आले ते पोटासाठी, तसेच या ओसरीसाठीही. आणि आता त्यांची नात कामासाठी म्हणून परत गाव शोधीत होती. जागा निवडताना वेगाबरोबर हेही तपासावे लागते, ते कोणत्याही ॲपवर दिसत नाही.

म्हणून आम्ही ठरविले की आपल्याच वाडीत तार आणावयाची.

दहा घरे द्या

केबलवाला म्हणाला, "एका घरासाठी दीड किलोमीटर तार परवडत नाही. दहा घरे द्या, महिन्यात जोडतो."

पस्तीस उंबऱ्यांच्या वाडीत दहा घरे म्हणजे काही फार नाही, असे मुंबईत बसून वाटते. महिना पाचशेच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी, हे मजुरीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. पहिल्या सभेला विहारात बावीस माणसे आली, नावे लिहिली तीन. एक काकी म्हणाल्या, "तुझ्या मुलीच्या नोकरीसाठी आम्ही कशाला पैसे भरायचे?" प्रश्न रास्त होता. मी उत्तर देण्याच्या भरीस पडलो नाही. पुतणीने दिले. ती म्हणाली, "आजी, दोन घरांनी मिळून एक लाईन घ्या. भिंतीला भिंत आहे. अडीचशे-अडीचशे." अशी आणखी तीन नावे झाली. निवृत्त गुरुजींनी एक घेतली. बचत गटाच्या अध्यक्षांनी गटाच्या हिशेबासाठी आणि मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून विहारात एक घेतली. नऊवर गाडी अडली.

दरम्यान १५ ऑगस्ट २०२४ च्या ग्रामसभेत आम्ही लेखी अर्ज दिला होता. अर्जाला आधार असा की, ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटची सुधारित योजना मंजूर केली, रुपये १,३९,५७९ कोटींची. तीत कचेरी नसलेली सुमारे ३ लाख ८० हजार गावे 'मागणी केल्यास' जोडावयाची तरतूद आहे आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे उद्दिष्ट आहे. 'मागणी केल्यास' हे तीन शब्द... नव्हे, दोनच, पण कारकुनाच्या नजरेतून ते सुटत नाहीत. मागणीच नसेल तर फाईलही नाही. ग्रामसभेत अर्ज वाचला गेला, इतिवृत्तात नोंद झाली, त्याची प्रत आम्ही घेतली. तोंडी आश्वासनावर समाधान मानून घरी येऊ नये. माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. तार कुठपर्यंत आली, कपाट कधी चालू झाले, गेल्या वर्षात किती दिवस बंद होते, हे विचारावे.

ती नोंद पाहून म्हणा किंवा नऊ म्हणजे दहाच धरून म्हणा, केबलवाल्याने दिवाळीनंतर काम सुरू केले. विजेच्या खांबांवरून आणि नारळीच्या आधाराने तार आली. डबा बसला, मोडेम लागला, आणि त्यावर तांबडा दिवा! तारेतून प्रकाश येतो, तो किती शिल्लक उरला हे यंत्राने मोजतात. आकडा उणे असतो. मोडेमला साधारण उणे २७ पर्यंत चालते, आमचा उणे २९ होता. दीड किलोमीटर हे अंतर फायबरला काहीच नाही, दोष सांध्यात होता. मुलाने दोन सांधे कापून पुन्हा जोडले, आकडा उणे २१ झाला, दिवा हिरवा. ज्यांच्या घरी जोडणी होईल त्यांनी हा आकडा विचारून कागदावर लिहून ठेवावा. पुढे नेट मंदावले आणि तक्रार केली की "तुमचा मोडेम खराब आहे" हे उत्तर ठरलेले, तेव्हा जुना आकडा उपयोगी पडतो.

विजेसाठी मोडेमला बारा व्होल्टची छोटी बॅटरी घेतली, दीड हजारात. लॅपटॉपची बॅटरी त्याची त्याला आहेच. पण आपल्या घरी बॅटरी असून भागत नाही. ग्रामपंचायतीतील कपाटालाही वीज लागते. तेथली बॅटरी किती वेळ टिकते हे आधी विचारावे, आम्ही नंतर विचारले.

नोव्हेंबर २०२४ पासून पुतणी गावी आहे. २०२५ च्या पावसाळ्यात लाईन दोनदा गेली. एकदा फणसाची फांदी पडून नऊ तास, एकदा रस्त्याच्या खोदाईत तार तुटून दोन दिवस. पहिल्या वेळी दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घेऊन सड्यावर बसून तिने काम उरकले. दुसऱ्या वेळी एक दिवसाचा पगार कापला गेला. २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तसे काही झाले तर काय, याचे उत्तर आमच्याकडे नाही. कंपनीने उद्या 'सगळे ऑफिसात या' म्हटले तरी नाही. मात्र दादा आता काठी धरून ओटीपर्यंत येतात, दुपारी एकच्या सुट्टीत मुलगी त्यांना व्यायाम देते. खर्चाचे म्हणाल तर लाईन, बॅटरी, दुसरे सिम मिळून महिना सुमारे हजार रुपये पडतात.

विहारातल्या लाईनवर संध्याकाळी मुलांची गर्दी होते. एका मुलाला 'घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी तीन हजार भरा' असा निरोप आला होता, पुतणीने वेळीच अडविले. काम देणारा कधी आधी पैसे मागत नाही. कोणी फसलाच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ फोन करावा.

पऱ्यापलीकडची दुसरी वाडी आता आमच्याकडे विचारावयास येते. केबलवाल्याची अट तीच, दहा घरे. त्यांची यादी अजून चारवर आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी त्यांचा अर्ज मी लिहून दिला आहे. ज्यांना आपल्या गावासाठी त्या अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर स्वतःचे नाव-पत्ता लिहिलेले पाकीट पाठवावे. तालुका, ग्रामपंचायत आणि वस्तीची जुनी-नवी नावे त्यात अवश्य लिहावीत.